झाड, एक नग

एकोणीस वर्षं मी तारांखालच्या फांद्या छाटतोय,
शिरपूरपासून वर सातपुड्याच्या पायथ्यापर्यंत,
आणि रजिस्टरात लिहितोय:
झाड, एक नग. फांद्या, तीन.
लिंब, बाभूळ, चिंच मला येतात.
बाकी सगळ्यांचं एकच आडनाव.

म्हणून पगाराच्या दुसऱ्या दिवशी
धुळ्याला, आग्रा रोडमागच्या गल्लीत
वेडूभाऊंच्या दुकानात उभा राहिलो.
"काय जोयजे?"
"झाडं वळखानं पुस्तक."
त्यांनी आधी माझ्या खिशातली पक्कड पाहिली.
"पोऱ्यासाठे?"
"नही, मन्हासाठेच."

तीन निघाली.

पहिलं लग्नाच्या अल्बमसारखं गुळगुळीत.
पानोपानी फुलं, फुलंच फुलं.
पण पळस फुलतो महिनाभर,
माझी शिडी त्याला लागते उरलेले अकरा.
शिवाय पाठीला नुसता डिंक.
मे महिन्यात जीपच्या काचेमागे ठेवलं
तर संध्याकाळी पानं वेचत बसायचं.

दुसरं विद्वान. झाडं कुळांप्रमाणे लावलेली.
म्हणजे आधी कूळ माहीत पाहिजे, मग झाड सापडणार.
परक्या गावात पाहुण्याचं घर विचारावं
आणि लोकांनी त्याचाच सातबारा मागावा, तसं.

तिसरं बुटकं, कडेला मळलेलं, दोऱ्यानं शिवलेलं,
पँटीच्या बाजूच्या खिशात मावणारं.
नाव नाही, गाव नाही, सुरुवातच प्रश्नानं:
पान साधं की संयुक्त?
समोरासमोर की एकाआड एक?
तोडलं तर चीक येतो का?
साल कशी सुटते?

नवा टेस्टर मी आधी चालू प्लगात घालून बघतो.
जिथे वीज आहे हे ठाऊक आहे, तिथेच.
तसा आधी लिंब घातला.
संयुक्त. कडा करवतीसारखी. दल बुडाशी तिरकं.
सहाव्या प्रश्नाला दिवा लागला.
शेजारी बकाणही उभा होता, ताकीद देत:
माझं पान दोनदा विभागतं, घोटाळा करू नका.

मग डब्यातून दुसरं पान काढलं,
एक्केचाळीस नंबरच्या खांबाजवळचं.
बकरीच्या खुरासारखं. मी म्हणत होतो आपटा.
पुस्तक म्हणालं, आपट्याचं पान एकच, मधे चिरलेलं.
नीट बघ, ही दोन आहेत, देठाशी भेटलेली.
अंजन.

एकोणीस वर्षं. आणि सरळ तोंडावर सांगितलं.

"जुनं शे, वीस रुप्या कमी दे," वेडूभाऊ म्हणाले.
मी पूर्ण दिले.

बोराडीच्या पुढे चैत्रात काहीच पान नसतं कशाला.
उतारावर एक पांढरं झाड, उघडं,
कागदासारखी साल सोलवटलेली.
पहिली दोन पुस्तकं इथे मुकी झाली असती.
हे म्हणालं: साल बघ. कांडोळ.
पण मी पान उघडायच्या आतच
शिडी धरून उभा असलेला रुमाल्या पावरा
नाव सांगून मोकळा झाला होता, त्याच्या बोलीतलं.
तीनदा म्हणायला लावलं.
माझ्या अक्षरांत ते नीट बसेना,
समासही अरुंद, पेन्सिल बोथट.
जमेल तसं लिहिलं.
रुमाल्या हसला. "आता पुस्तक बरोबर झालं," म्हणाला.

परवा रजिस्टरात लिहिलं:
अंजन. फांद्या, तीन.
छाटायच्या होत्याच त्या, तिन्ही.
तारेला काय, अंजन आणि बाभूळ सारखीच.
पण करवत दुसऱ्या फांदीवर असताना
मी तिचं लाकूड पाहिलं, काळपट लाल,
आणि थोडा वेळ घाम पुसत बसलो.

साहेबांनी नावाभोवती लाल गोल केलाय,
बाजूला लिहिलंय: म्हणजे?

पुस्तक त्यांच्या टेबलावर ठेवून आलोय,
पान एकशे बारा, मधे एक पान घालून.
सोमवारी परत मागायचं आहे.